फोरक्लोजर म्हणजे नक्की काय? गृहकर्जाचे हप्ते थांबले तर घर कधी आणि कसं जातं

'फोरक्लोजर' हा शब्द मराठी माणसाला दोन वेगळ्या ठिकाणी भेटतो. बँकेच्या ॲपवर 'फोरक्लोजर स्टेटमेंट' नावाची एक सोय असते. त्यात कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडायचं असेल तर आज किती रक्कम भरावी लागेल, हे कळतं. म्हणजे तो आनंदाचा कागद. अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये मात्र हाच शब्द घर गमावण्यासाठी येतो. २००८ च्या आर्थिक संकटात तिथल्या लाखो कुटुंबांची घरं फोरक्लोजरमध्ये गेली.

भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात या शब्दाला आणखी तिसरा अर्थ आहे. गहाण सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क न्यायालयाच्या हुकमाने कायमचा संपवणं, असा तो अर्थ. पण नेहमीच्या गृहकर्जात हा मार्ग वापरला जात नाही. अमेरिकेत ज्याला फोरक्लोजर म्हणतात, ते काम भारतात २००२ चा सरफेसी कायदा करतो. या कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं. पण त्यासाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला दिवस मोजलेले आहेत आणि त्यातला एक दिवस असा आहे की त्यानंतर घर सोडवण्याचा हक्कच उरत नाही. बहुतेक कर्जदारांना तो दिवस कोणता, हे माहीत नसतं.

घर कोणाचं, बँकेचं की कर्जदाराचं?

"घर कसलं, अजून बँकेचंच आहे," असं कर्ज काढलेला माणूस हसत हसत म्हणतो. कायद्याच्या भाषेत हे चूक आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनामा नोंदवून घराचा ताबा मिळाला की घर घेणाऱ्याचं. बँकेला मालकी मिळत नाही, तिला मिळतो तो गहाणाचा हक्क. कर्ज फिटेपर्यंत घर हे तारण, आणि कर्ज फिटलं नाही तर त्यातून वसुली करण्याची मुभा.

हे गहाण बहुतेक वेळा फार साध्या पद्धतीनं होतं. घराची मूळ कागदपत्रं, म्हणजे नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेकडे जमा करायची. कागद ठेवणं हेच गहाण. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. तिला 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात. याखेरीज बँक 'सरसाई' या केंद्रीय नोंदणीतही ते तारण दाखल करते. एकच घर दोन-तीन बँकांकडे गहाण टाकून पैसे उचलण्याचे प्रकार थांबावेत म्हणून ही नोंदणी २०११ मध्ये सुरू झाली. थोडं शुल्क भरून कोणालाही तिथे शोध घेता येतो. जुनं घर घेणाऱ्यानं हा शोध जरूर घ्यावा, कारण इंडेक्स टूची छायाप्रत दाखवणारा विक्रेता मूळ कागद कुठे आहेत हे सांगेलच असं नाही.

जमिनीवरचं स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर बँकेचा बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर चढतो. इथे एक गैरसमज खोल रुजलेला आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव असणं हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखतावरून, वारसाहक्कावरून, वाटणीपत्रावरून. फक्त कुलमुखत्यारपत्रावर घेतलेलं घरही कायद्यानं आपलं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या 'सूरज लॅम्प' निकालात हे स्पष्ट केलं.

फ्लॅटच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. फ्लॅट आपल्या नावावर, पण इमारतीखालची जमीन? ती सोसायटीच्या नावावर व्हायला बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स करून द्यावं लागतं. अनेक बिल्डर वर्षानुवर्षं ते करत नाहीत. मग सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. मोफा कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही सोय झाली. जमीन नावावर नसलेल्या इमारतीचा पुनर्विकास निघतो तेव्हा या कागदाची किंमत कळते.

कर्ज किती मिळतं आणि खिशातून किती जातं

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा.

मुंबईत ६० लाखांचं तयार घर घेतलं तर ४८ लाख कर्ज मिळेल, १२ लाख स्वतःचे. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ३ लाख ६० हजार, आणि ३० हजार नोंदणी फी. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. सोसायटीचे पैसे, वकील, दलाली, पंखे-पडदे सोडून हा हिशेब १६ लाखांच्या घरात जातो. हे पैसे वैयक्तिक कर्ज काढून उभे केले, तर घराचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच दुसऱ्या हप्त्याचं ओझं पाठीवर असतं. थकबाकीची सुरुवात कित्येकदा इथेच झालेली असते.

नव्या प्रकल्पात आणखी एक गहाण लपलेलं असू शकतं, ते बिल्डरचं. प्रकल्पासाठी त्यानं कुठल्यातरी वित्तसंस्थेकडे अख्खी जमीन आणि न विकलेले फ्लॅट तारण ठेवलेले असतात. अशा वेळी त्या संस्थेचं ना-हरकत पत्र आपल्या फ्लॅटच्या क्रमांकासह मिळालं पाहिजे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बोजाची माहिती असते. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि करार झाल्यावर त्यानं तो फ्लॅट गहाण टाकला तरी त्यानं खरेदीदाराच्या हक्काला बाधा येत नाही.

हप्त्यात नेमकं काय भरलं जातं

५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज. हप्ता येतो ४३ हजार ३९१ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३५ हजार ४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ७ हजार ९७४ रुपयांनी. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर, म्हणजे अर्धी मुदत संपल्यावर, किती कर्ज उरतं? अंदाजे ३५ लाख. अर्ध्या काळात ५० पैकी १५ लाखच फिटलेले असतात. वीस वर्षांत एकूण भरणा १ कोटी ४ लाखांवर जातो.

म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे पैसे भरण्याला फार महत्त्व आहे. तरत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना आणि वित्त कंपन्यांना मनाई आहे. अमेरिकेत ३० वर्षं एकच व्याजदर राहणारं कर्ज सर्रास मिळतं. भारतात बहुतेक गृहकर्जं तरत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेली आहेत. रेपो दर हलला की तीन महिन्यांच्या आत कर्जाचा दर हलतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, आणि कर्जदारांना वाटलं की काही फरक पडला नाही. आता हा हिशेब बघा. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३८ हजार ७६५ रुपये. दर साडेनऊ टक्के झाला तर त्या ५० लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच ३९ हजार ५८३ रुपये होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही. मुदत कितीही वाढवली तरी असं कर्ज फिटण्याऐवजी वाढत जाईल. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर बंधन घातलं. मुदत वाढवताना मुद्दल वाढेल अशी वेळ येऊ द्यायची नाही, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे कर्जदाराला विचारायचं. बँकेकडून आलेला असा मेसेज वाचून उत्तर द्यावं. तसाच सोडून देऊ नये.

पहिला हप्ता चुकला, मग पुढे?

एक हप्ता चुकला म्हणून कोणी घराला कुलूप ठोकत नाही. थकबाकीचे दिवस मोजले जातात. ३० दिवसांपर्यंत एक गट, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए होतं.

ही ९० दिवसांची रेघ समजून घेण्यासारखी आहे. तिच्या अलीकडे असताना एखादा जुना हप्ता भरला तर थकबाकीचे दिवस मागे येतात आणि खातं एनपीए होण्यापासून वाचतं. रेघ ओलांडल्यावर मात्र एक-दोन हप्ते भरून भागत नाही. सगळी थकबाकी, व्याजासह, शून्यावर आली तरच खातं पुन्हा नियमित धरलं जातं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. नोकरी गेलेल्या किंवा आजारपणात अडकलेल्या माणसाला तीन महिन्यांत जे वीस-चाळीस हजार कमी पडतात, त्यांची किंमत चौथ्या महिन्यात कित्येक पटींनी वाढते. बँकेशी पुनर्रचनेबद्दल बोलायचं ते या तीन महिन्यांतच. फोन न उचलणं हा सगळ्यांत महाग पडणारा उपाय.

वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही, असे नियम आहेत. दंडाची रक्कम कर्जात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावण्यालाही २०२४ पासून बंदी आहे.

६० दिवसांची नोटीस

खातं एनपीए झाल्यावर बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस पाठवते. तीत ६० दिवसांत फक्त थकलेले हप्ते नव्हे, तर संपूर्ण कर्ज भरा, असं म्हटलेलं असतं. तो आकडा बघूनच अनेकांचे हातपाय गळतात आणि नोटीस कपाटात जाते. तसं करू नये. कारण या नोटिशीला लेखी उत्तर देता येतं. रक्कम चुकीची आहे, भरलेले हप्ते धरलेले नाहीत, खातं एनपीए झालेलंच नव्हतं, असा कुठलाही आक्षेप असेल तर बँकेला त्याचं उत्तर १५ दिवसांत, कारणांसह द्यावंच लागतं. बँकेनं उत्तर न देणं हा पुढे न्यायाधिकरणात कर्जदाराच्या बाजूचा मुद्दा होऊ शकतो.

ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पण परवानगी घेऊन विकता येतं, आणि याचा विचार फार थोडे कर्जदार करतात. स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेला मध्ये घेऊन, तिचे पैसे थेट तिला मिळतील अशी सोय करून विकलेल्या घराला साधारणपणे लिलावापेक्षा बरी किंमत येते. लिलावात कोणी भावनेनं बोली लावत नाही.

ताबा: आधी कागदावर, मग प्रत्यक्षात

६० दिवसांत पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते. सहसा आधी सांकेतिक ताबा. दारावर नोटीस चिकटते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत ताबा सूचना छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात कर्जदाराचं नाव, फ्लॅटचा पत्ता आणि चतुःसीमा देणाऱ्या ज्या चौकटी असतात, त्या याच. या टप्प्याला कुटुंब घरातच राहत असतं.

प्रत्यक्ष ताब्यासाठी कर्जदार स्वतःहून घर सोडत नसेल तर बँकेला कलम १४ खाली मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यावर ३० दिवसांत, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश द्यावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त वेळ जातो. आदेश आला की महसूल किंवा न्यायालयाचा माणूस पोलीस बंदोबस्तात येतो, सामानाची यादी होते, कुलूप बदललं जातं. बँकेच्या माणसांनी परस्पर येऊन, जबरदस्तीनं घर रिकामं करणं हे कायद्यात बसत नाही.

दाद कुठे मागायची? दिवाणी न्यायालयात नाही. सरफेसीच्या विषयात त्याचं दार बंद आहे. जायचं ते कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीमध्ये. मुंबई, पुणे, नागपूर इथे ही न्यायाधिकरणं आहेत. ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. मूळ कायद्यात अशी दाद मागण्याआधी बँकेनं सांगितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'मार्डिया केमिकल्स' खटल्यात कायदा कायम ठेवला, पण ही अट रद्द केली. आज डीआरटीत जाण्यासाठी ती भरावी लागत नाही. तिथे हरल्यावर अपील न्यायाधिकरणात जायचं तर निम्मी रक्कम भरावी लागते, आणि ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणून पहिल्याच ठिकाणी बाजू नीट मांडलेली बरी.

लिलावाची जाहिरात आणि बंद होणारं दार

घर विकण्याआधी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते. पहिल्या विक्रीसाठी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या खेपेला १५ दिवस पुरतात. राखीव किमतीहून जास्त बोली आली नाही, तर कर्जदाराच्या संमतीशिवाय त्या किमतीत विक्री करता येत नाही.

'गहाण कधीही सोडवता येतं' हा समज १८८२ च्या कायद्यातून आलेला आहे. जुन्या नियमानुसार विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. सरफेसीतही २०१६ पर्यंत विक्रीच्या ठरलेल्या तारखेच्या आधीपर्यंत वेळ होता. १ सप्टेंबर २०१६ पासून कलम १३(८) बदललं. आता सगळी देणी खर्चासह भरायची ती जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये 'सेलिर' विरुद्ध 'बाफना मोटर्स' या प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्यात नवी मुंबईतल्या जमिनीचा लिलाव होऊन बोली मंजूर झाल्यावर कर्जदार पूर्ण रक्कम भरायला तयार झाला होता आणि उच्च न्यायालयाने त्याला परवानगीही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि मालमत्ता बोली जिंकणाऱ्याकडे गेली.

याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. गावची जमीन विकून किंवा भावाकडून उसने घेऊन लिलावाच्या आदल्या दिवशी पूर्ण रक्कम घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला कायद्याने हक्क म्हणून काही मागता येत नाही. तडजोडीची रक्कम, म्हणजे ओटीएस, मिळवण्याचाही हक्क नसतो. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. धावपळ करायची तर ती वर्तमानपत्रात जाहिरात येण्याआधी.

लिलाव जिंकणाऱ्याला २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेली १५ दिवसांत भरावी लागते. बँकेची लेखी मुदतवाढ मिळाली तर एकूण तीन महिन्यांपर्यंत. पैसे चुकले तर भरलेली रक्कम बुडते. स्वस्तात घर मिळतं म्हणून लिलावाकडे वळणाऱ्यांनी जाहिरातीतलं 'जे आहे, जसे आहे' हे वाक्य गांभीर्यानं घ्यावं. घर अजून रिकामं झालेलं नसणं, सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, डीआरटीत चालू असलेला वाद, सगळं त्यात आलं.

घर विकलं गेलं, कर्ज उरलं

विक्रीतून बँकेचं येणं आणि खर्च वजा होऊन काही उरलं तर ते कर्जदाराचं. ते मागावं, हिशेबाचा कागद मागावा. उलट रक्कम कमी पडली तर उरलेलं कर्ज माफ होत नाही. बँक बाकीसाठी डीआरटीत, किंवा रक्कम २० लाखांपेक्षा कमी असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊ शकते.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथून परतलेल्या मराठी माणसांचा इथे घोटाळा होतो. तिथे राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. काही राज्यांत फोरक्लोजर न्यायालयातून होतं, काहींत न्यायालयाबाहेर. साधारणपणे १२० दिवस हप्ते थकल्याशिवाय प्रक्रिया सुरू करता येत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्वतः राहण्यासाठी घर घेताना काढलेल्या मूळ कर्जापोटी घर गेलं, तर उरलेल्या रकमेसाठी बँक सहसा मागे लागू शकत नाही. 'किल्ल्या बँकेच्या टेबलावर ठेवून मोकळं व्हायचं' ही कल्पना तिथून आलेली आहे. भारतात किल्ल्या देऊन मोकळं होता येत नाही.

सहकर्जदाराची आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही तर हवी आहे" म्हणून मेहुण्यासाठी जामीन राहिलेल्या माणसालाही तीच नोटीस येते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, पण घर त्याच मालमत्तेत येतं. म्हणून कर्जाएवढा मुदतीचा विमा असणं बरं. तो बँकेनं सुचवलेल्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती मात्र नाही.

सहकारी बँक, पतसंस्था आणि शेतजमीन

महाराष्ट्रात गृहकर्ज फक्त मोठ्या बँकांकडून घेतलं जात नाही. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी त्यांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्था बँक नसल्यानं त्यांची वाट वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवायचा आणि वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करायची. '१०१ ची नोटीस' म्हणून गावोगावी ओळखली जाते ती हीच.

शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. येणं एक लाखापर्यंत असेल किंवा बाकी मूळ रक्कम आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तरीही नाही. पंधरा-सोळा वर्षं हप्ते भरलेल्या माणसानं नोटीस आल्यावर आधी हा शेवटचा आकडा तपासावा.

कर्ज फिटल्यावरची कामं

शेवटचा हप्ता गेला, पेढे वाटले, की बहुतेकांचा विषय संपतो. पण बँकेकडचे कागद आणि सरकारी दप्तरातल्या नोंदी आपोआप नाहीशा होत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत करणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कागद हरवले असतील तर त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा, आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

कागद घेताना कर्ज काढतेवेळी बँकेनं दिलेली यादी हातात ठेवून एकेक पान मोजून घ्यावं. आधीच्या मालकांच्या करारांची साखळी त्यात असते, आणि त्यातला एक दुवा गेला तरी घर विकताना अडतं. 'कर्ज शिल्लक नाही' असं पत्र, सरसाईतली नोंद बंद झाल्याचा पुरावा आणि क्रेडिट अहवालात खातं बंद दिसणं, ही तीन कामं बँकेच्या मागे लागून करून घ्यावीत. सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद पत्र देऊन काढावी. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा असेल तर बँकेचं पत्र जोडून तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत फिटलेलं कर्जही कागदावर शिल्लकच दिसत राहतं.